दाजी म्हणतात पिळा, बाबा म्हणतात जपा

पत्र: नमस्कार. दोन आठवड्यांपूर्वी आयुष्यातली पहिली परफॉर्मन्स कार घेतली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स. आतापर्यंत ४१० कि.मी. झालेत. बाबांचं म्हणणं, पहिले दोन हजार कि.मी. काटा साठच्या वर जाऊ द्यायचा नाही. दाजी म्हणतात, जशी सवय लावाल तशी गाडी पळेल, पहिल्या दिवसापासून पिळा. डिलिव्हरी देणारा म्हणाला, आजकालच्या इंजिनांना रनिंग-इन, म्हणजे सुरुवातीला जपून रुळवणं, लागतच नाही. गाडीच्या पुस्तिकेत पहिल्या १५०० कि.मी.साठी ‘पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर टाळा, ४५०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आत राहा, वेग बदलता ठेवा’ एवढंच आहे, कारण दिलेलं नाही. त्यात रविवारी सकाळी दाजींनी चावी घेतली आणि गाडी गेटबाहेर पडते न पडते तोच दुसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनला, म्हणजे आरपीएमच्या काट्यावरच्या लाल खुणेला, नेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. इंजिन गेलं का? मी रोज सकाळी दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवून गरम करतो, ते बरोबर आहे का? पहिलं ऑइल लवकर बदलून टाकू का? आणि पुढच्या महिन्यात मित्रांनी ट्रॅकवर जायचं ठरवलंय, तोवर किती रनिंग व्हायला हवं?

उत्तर:

आधी तुमची झोप. एका थंड रेडलाइनने इंजिन जात नाही. दाजींनी केलं ते चूकच, आणि त्यात जास्त वाईट भाग रेडलाइनचा नसून थंडपणाचा होता. पण तेवढ्याने बेअरिंग उडाली, रिंगा मोडल्या असं होत नाही. गाडी सपाट जागी उभी करून पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने ऑइलची पातळी बघा. सकाळी चालू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का बघा आणि बॉनेट उघडून एक मिनिट नुसतं ऐका. खालच्या बाजूने ठक-ठक आवाज नाही, पातळी जागेवर आहे, डॅशबोर्डवर दिवा नाही, तर तो रविवार विसरून जा. चावी मात्र पुढचे दोन महिने तुमच्याच खिशात राहू द्या.

आता तिघांच्या सल्ल्यांकडे वळतो. तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, म्हणूनच तुमचा गोंधळ झालाय. नव्या इंजिनात ‘सेट’ काय होतं हे एकदा कळलं की कोणाचं किती घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच उमगेल.

पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः गॅस अडवतात, तिसरी बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात वर-खाली होतो त्याच्या, भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली पाठवते. बोअरची भिंत आपल्याला गुळगुळीत दिसते, पण मुद्दामच ती पूर्ण गुळगुळीत ठेवत नाहीत. कारखान्यात होनिंग करून, म्हणजे धार लावायच्या दगडासारख्या दगडांनी घासून, तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा पाडतात. त्या रेषांच्या खाचांमध्ये ऑइल धरून राहतं, आणि खाचांच्या मधले उंचवटे रिंगांशी घासून अगदी थोडे झिजतात. असं होता होता रिंगेची कड आणि त्या बोअरची भिंत एकमेकांच्या मापाची होतात. रनिंग-इनमधलं सगळ्यात मोठं काम हेच. ते नीट झालं तर गाडी वर्षानुवर्षं ऑइल खात नाही आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) टिकून राहतं.

आता रिंग भिंतीवर दाबली कशाने जाते? तिच्या स्वतःच्या ताणाने थोडीशी. खरा दाब येतो तो पेट्रोल जळताना तयार होणाऱ्या गॅसचा. हा गॅस पिस्टनच्या खोबणीतून रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर भिंतीवर रेटतो. टर्बो पेट्रोल इंजिनात पूर्ण भार असताना हा दाब १०० बारच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो. तुम्ही सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने वरच्या गिअरमध्ये निवांत चालला असाल तेव्हा त्याचा अगदी लहानसा हिस्सा असतो. म्हणजे इंजिनावर भारच आला नाही तर रिंगा भिंतीला नीट भिडतच नाहीत.

बाबांचा सल्ला तंतोतंत पाळला तर काय होतं, ते मी हाताने चाचपून पाहिलंय. एक गाडी आमच्याकडे आली होती, जेमतेम ९००० कि.मी. चाललेली, तक्रार ऑइल खाते अशी. मालक अतिशय जपणारे. गाडी कधी ताणलेली नाही, रोज तोच रस्ता, तोच वेग, तीच पंधरा मिनिटं. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, काढलं आणि टॉर्च आत धरली तर चारही बोअर आरशासारखे चकाकत होते, भिंतीवर मधाच्या रंगाची झाक. नवीन बोअरवरून नख फिरवलं तर त्या तिरप्या रेषांची बारीक खरखर जाणवते. इथे नख काचेवरून जावं तसं सरकत गेलं. रिंगा कधी नीट भिडल्याच नव्हत्या, त्यामुळे ऑइलचा थर तिथेच भाजून लाखेसारखा बसला होता आणि खाचा बुजल्या होत्या. याला आम्ही बोअर ग्लेझ होणं म्हणतो. एकदा ग्लेझ झालं की नुसती गाडी चालवून ते बहुधा सुटत नाही. पुन्हा होनिंग करून नव्या रिंगा टाकल्या, चढउताराच्या रस्त्यावर भार देऊन गाडी चालवली, आणि ऑइल खाणं थांबलं. त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी गाडीवर प्रेमच केलं होतं.

बाबांना हे सांगताना मात्र जपून सांगा, कारण त्यांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. त्यांच्या काळातल्या इंजिनांचे भाग आजच्याइतक्या काटेकोर मापात बनत नसत, भिंती जास्त खडबडीत असत, ऑइल साधं असे. सुरुवातीलाच ताणलं तर पिस्टन तापून बोअरमध्ये धरायचा, म्हणजे इंजिन सीझ व्हायचं. ब्रिटनमध्ये तर नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग-इन चालू आहे, पुढे जा’ अशा अर्थाची पाटी लावायची पद्धत होती. आजच्या बोअरना प्लेटो होनिंग केलेलं असतं, म्हणजे उंचवट्यांची टोकं कारखान्यातच छाटलेली असतात. काही इंजिनांत बोअरच्या आतलं ओतीव लोखंडाचं अस्तर, म्हणजे लायनरही नसतो. २००७ मध्ये आलेल्या निस्सान जीटी-आरच्या इंजिनात बोअरच्या अ‍ॅल्युमिनियमवर प्लाझ्माने धातूचा पातळ थर फवारलेला होता. त्यामुळे काळजी घेण्याचा काळ कमी झालाय, आणि डिलिव्हरी देणाऱ्याच्या बोलण्यात तेवढं तथ्य आहे. पण ‘लागतच नाही’ हे चूक. तसं असतं तर तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ती ओळ छापायचं कंपनीला काही कारण नव्हतं.

दाजींचं म्हणणं ज्यातून आलंय तेही पूर्ण खोटं नाही. रिंगा भिडायला भार लागतो, हे वर सांगितलंच. पण भार वेगळा आणि आरपीएम वेगळे, आणि सगळी गल्लत इथेच होते. तिसऱ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमवरून अ‍ॅक्सिलरेटर निम्म्याहून थोडा जास्त दाबून ४००० पर्यंत गाडी ओढू दिली, तर रिंगांवर भरपूर दाब येतो. तेच काम करायला ७००० आरपीएमची गरज नसते. आरपीएम दुप्पट झाले की पिस्टन वर-खाली करताना कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनला जोडलेल्या दांड्यावर) आणि बेअरिंगवर येणारा जडत्वाचा ताण चौपट होतो. नवा भाग अजून नीट बसायचा असताना तो चौपट ताण कशाला द्यायचा? रिंगा आणि भिंत घासतात तिथे नव्या इंजिनात उष्णताही जास्त तयार होते. म्हणून थोडा वेळ भार, मग थोडी विश्रांती, असा क्रम हवा. दाजींना वाईट वाटू देऊ नका, पण ‘गाडीला सवय लागते’ असं काही नसतं. इंजिनाला स्वभाव नसतो, मापं असतात.

मग करायचं काय? ऑइल गरम झालं की मोकळा, शक्यतो चढउताराचा रस्ता धरा. दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये राहा. २०००-२५०० वरून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू पण ठामपणे अर्ध्याच्या पुढे न्या, ४००० च्या आसपास पोचलात की पाय पूर्ण उचला आणि गाडी गिअरमध्येच ठेवून वेग आपोआप उतरू द्या. हे उतरणं तितकंच महत्त्वाचं आहे. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो, त्याने थोडं ऑइल रिंगांपर्यंत वर खेचलं जातं. ते त्यांना थंडही करतं आणि झिजेचे बारीक कण धुऊनही नेतं. मग मिनिटभर साधं चालवा, पुन्हा एकदा ओढा. तासाभराच्या फेरीत असं दहा-पंधरा वेळा झालं तरी पुष्कळ. ८०० कि.मी.च्या पुढे पुस्तिकेतल्या ४५०० च्या मर्यादेपर्यंत न्यायला हरकत नाही. हायवेवर लांब जाणार असाल तर क्रूझ कंट्रोल लावून दोन तास एकाच वेगात बसू नका. गिअर बदलत राहा, वेग वर-खाली करत राहा.

एक गोष्ट मात्र या काळात, आणि खरं म्हणजे कधीच, करू नका: वरच्या गिअरमध्ये गाडी रडवणं. सहाव्यात १५०० वर असताना ओव्हरटेक करायला पाय पूर्ण दाबायचा मोह होतो, कारण टर्बो ओढतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टर्बो इंजिनांमध्ये याच परिस्थितीत स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. रिंगांजवळ साठलेले ऑइलचे थेंब हे त्याचं एक कारण मानलं जातं. या ठोक्याने पिस्टनची रिंगांमधली भिंत तुटल्याची उदाहरणं आहेत. हा त्रास इतका खरा होता की अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) २०१८ च्या एसएन प्लस आणि २०२० च्या एसपी या ऑइलच्या दर्जांमध्ये त्यासाठी वेगळी चाचणी घातली गेली. म्हणून गिअर खाली घ्या, मग दाबा. आरपीएम वाढलेले चालतील, इंजिन गुदमरलेलं नको.

तुमची सकाळची दहा मिनिटं आजपासून बंद करा. हे वाचून आश्चर्य वाटेल, कारण तुम्ही काळजीपोटीच ते करताय. जागेवर उभं असलेलं इंजिन फार सावकाश तापतं. थंड इंजिनात मिश्रण पेट्रोलने जड असतं, न जळलेलं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळतं. भार शून्य असल्याने रिंगाही नीट भिडत नाहीत. चालू करा, सीटबेल्ट लावा, आरसे बघा, सुरुवातीची वाढलेली रेस खाली आली की निघा, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं हलक्या पायाने, ३००० च्या आत चालवा. पाण्याच्या काट्यावर विसंबू नका. पाणी लवकर ९० अंशांला पोचतं, ऑइलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तुमच्या डिस्प्लेमध्ये ऑइलचं तापमान दिसत असेल तर तोच आकडा बघा, ८० च्या वर गेल्यावरच गाडी ओढा. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पिस्टनची आणि बोअरची मापं गरम अवस्थेसाठीच ठरवलेली असतात. बीएमडब्ल्यूने ई४६ पिढीच्या एम३ मध्ये टॅकोमीटरभोवती (आरपीएमच्या काट्याभोवती) दिवे दिले होते, ऑइल तापत जाईल तसे ते एकेक करून विझायचे आणि वापरायची मर्यादा वर सरकायची. मला ती कल्पना फार आवडते. तुमच्या गाडीत दिवे नसतील, पण सवय तीच लावून घ्या. पाच-सात मिनिटांच्या फेऱ्या या महिन्यात शक्यतो टाळा. भाजी आणायला दुसरी गाडी न्या.

ऑइल लवकर बदलण्याबद्दल. इथे सरसकट उत्तर देणारा माणूस भेटला तर त्याचं ऐकू नका, कारण कंपन्यांचंच यावर एकमत नाही. बीएमडब्ल्यूच्या अनेक एम मॉडेलना २००० कि.मी.ला खास रनिंग-इन सर्व्हिस असते, तिच्यात इंजिन ऑइल आणि मागच्या डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचं) ऑइल दोन्ही बदलतात. तोवर ५५०० आरपीएम आणि ताशी १७० कि.मी.ची मर्यादा, आणि पुढेही ५००० कि.मी.पर्यंत हळूहळू वाढवत न्यायचं. उलट होंडा सिव्हिक टाइप आरची पुस्तिका पहिल्या १००० कि.मी.त पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर टाळायला सांगते, पण ऑइल मात्र ठरलेल्या वेळेआधी बदलू नका असं स्पष्ट बजावते. पोर्शे ९११ च्या ९९७ पिढीत ३००० कि.मी.पर्यंत ४२०० आरपीएमची मर्यादा होती. शेव्हरले कॉर्व्हेटला ८०० कि.मी.पर्यंत ४००० च्या आत, आणि ट्रॅकवर न्यायचं असेल तर सुमारे २४०० कि.मी.नंतर. इंजिनं वेगळी, आत लावलेले थर वेगळे, भरलेलं ऑइल वेगळं, म्हणून आकडे वेगळे. तुमच्या पुस्तिकेत लवकर बदला असं नसेल आणि बदलू नका असंही नसेल, तर १५०० च्या आसपास एकदा ऑइल आणि फिल्टर बदलायला माझी हरकत नाही, मी स्वतः तेच करेन. पहिल्या ऑइलमध्ये झिजेचे कण आणि जुळणीच्या वेळचे गॅस्केट-सीलंटचे अंश सगळ्यात जास्त असतात. फक्त दर्जा आणि ग्रेड पुस्तिकेतलीच घ्या, आणि बिल जपून ठेवा.

पातळी मात्र दर ५०० कि.मी.ला बघाच. रिंगा पूर्ण बसेपर्यंत इंजिन थोडं ऑइल खातं, ते स्वाभाविक आहे, बऱ्याच पुस्तिकांत तसं लिहिलेलंही असतं. डिपस्टिकवर पातळी खालच्या खुणेकडे सरकली तर योग्य ऑइल थोडं थोडं घालून वर आणा. वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नका. आणि पातळी खाली न जाता वर चढलेली दिसली, डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतंय असं समजा. बहुतेक वेळा त्याला छोट्या थंड फेऱ्याच कारणीभूत असतात. एक लांब, नीट गरम केलेली फेरी मारून पुन्हा बघा. तरीही पातळी चढलेलीच राहिली तर सर्व्हिसवाल्यांना दाखवा.

इंजिनाच्या नादात बाकीची गाडी विसरू नका. नव्या टायरचा वरचा पापुद्रा गुळगुळीत असतो, पहिले दोन-तीनशे कि.मी. त्यांना पूर्ण पकड नसते. तुमचे ते झालेत. ब्रेक पॅडचा थर डिस्कवर एकसारखा बसावा लागतो. त्यासाठी मधल्या वेगावरून मध्यम जोराने, पूर्ण न थांबता, वारंवार ब्रेक लावावे, मधे त्यांना वारा लागू द्यावा. ब्रेक तापलेले असताना गाडी उभी करून पाय ब्रेकवर दाबून ठेवला तर तिथेच पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. डिफरन्शियलचे दाते तर इंजिनापेक्षाही जास्त झिजून एकमेकांत बसतात. पहिल्यांदा त्याचा ड्रेन प्लग काढला की टोकावरच्या चुंबकाला काजळासारखी राखाडी-काळी पेस्ट चिकटलेली असते. बोटांत चोळली तर मऊ लागते, आणि उन्हात धरली की बारीक चमकते. असं असेल तर सगळं ठीक. बोटाला टोचणारा तुकडा लागला तर ठीक नाही. तुमच्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसतं फिरत राहू न देणारं) असेल तर त्याचं ऑइल पहिल्यांदा कधी बदलायचं, हे सर्व्हिसवाल्यांना नेमकं विचारा. लाँच कंट्रोलला (उभ्या गाडीला एकदम जोरात सुटू देणाऱ्या यंत्रणेला) तर या काळात हात लावू नका, काही पुस्तिकांत तशी स्पष्ट मनाई असते.

आणि मॅन्युअल गिअरबॉक्स आहे म्हणून हे जरा आवर्जून सांगतो. आरपीएम रेडलाइनपुढे जाऊ न देणारा लिमिटर तुम्हाला फक्त अ‍ॅक्सिलरेटरपासून वाचवतो. पाचव्यातून चौथ्यात टाकताना घाईत लिव्हर दुसऱ्यात गेला आणि क्लच सोडला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि लिमिटर काही करू शकत नाही. व्हॉल्व्ह वाकतात ते अशा वेळी. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये बऱ्याचदा त्याची नोंदही राहते. या दीड हजार किलोमीटरमध्ये तुमचा हात त्या लिव्हरला सरावला पाहिजे. मला तर वाटतं इंजिनापेक्षा त्या हातालाच रनिंग-इनची जास्त गरज असते.

राहिला ट्रॅक. पुढच्या महिन्यापर्यंत तुमचे १५०० कि.मी. होतील, पण त्यानंतर लगेच दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर नेऊ नका. १५०० झाले की पुढच्या ५००-७०० कि.मी.त दर फेरीला मर्यादा थोडी वाढवा: आधी ५०००, मग ५५००, मग एखाद-दोन वेळा रेडलाइनच्या जवळ क्षणभर, ऑइल पूर्ण गरम असताना. पातळी स्थिर राहतेय असं दिसलं, ब्रेक बसले, ऑइल बदललं, की जा. मित्रांची तारीख त्याआधी पडत असेल तर या वेळी त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसा. तुमची पुस्तिका ट्रॅकसाठी वेगळा आकडा देत असेल तर तोच पाळा, माझा नव्हे.

आणि येत्या रविवारी, ऑइल ८० च्या वर गेलेलं असताना, बाबांना शेजारी बसवून त्या चढाच्या रस्त्यावर एक फेरी मारा. तिसऱ्यात गाडी ओढताना आणि मग पाय सोडल्यावर तिचा आवाज कसा बदलतो ते त्यांना ऐकू द्या. परत आल्यावर दोघांनी मिळून ऑइलची पातळी बघा.